साठ ग्रॅमचा हिशेब

आमच्या फ्रीजच्या दारावर गेली साडेतीन वर्षे एक कागद चिकटवलेला आहे. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, एका कोपऱ्यावर हळदीचे बोट उमटले आहे. कागद रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला. त्यात बऱ्याच सूचना आहेत, पण लाल शाईने अधोरेखित केलेली ओळ एकच : रोज किमान साठ ग्रॅम प्रथिने. हा लेख त्या एका ओळीविषयी आहे.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मुलुंडच्या जकात नाक्यावर मी बरीच वर्षे कारकुनी केली. बिल्टीवर लिहिलेले वजन आणि काट्यावर भरलेले वजन यांत किती फरक असू शकतो, हे शिकण्यासाठी त्याहून चांगली शाळा नाही. १ जुलै २०१७ ला वस्तू-सेवा कर आला, जकात गेली आणि काही काळाने मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. फावल्या वेळात जुनी मराठी वजनमापे हा माझा अभ्यासाचा विषय होता. पायली, शेर, चिपटे, कोळवे. कुठल्या तालुक्यात शेर केवढा आणि का, असल्या गोष्टींत मी रमतो. दशमान पद्धत आली आणि ही सगळी मापे मोडीत निघाली. एक माप मात्र कुठल्याच कायद्याच्या कचाट्यात सापडले नाही. ते म्हणजे वाटी. त्या वाटीनेच मला गोत्यात आणले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये माझ्या पत्नीवर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. उंची पाच फूट दोन इंच, वजन एकशे बारा किलो, अकरा वर्षांचा मधुमेह. शाळेत शिकवते, चौथ्या तासाला खुर्चीवर बसून शिकवावे लागे याची तिला लाज वाटायची. शस्त्रक्रियेचा निर्णय तिचा होता. माझी भूमिका घाबरण्यापुरती.

या शस्त्रक्रियांचे दोन प्रकार आपल्याकडे मुख्यतः होतात. एकात जठराचा बाहेरच्या वळणाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात, म्हणजे बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधला काही भाग अन्नाला भेटतच नाही. बायपासची सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी १९६६ मध्ये केली. त्याआधी १९५० च्या दशकात आतड्याचा फार मोठा भाग वगळण्याचे प्रयोग झाले होते. वजन उतरे, पण माणसे कुपोषित होत आणि यकृत बिघडे, म्हणून ते मागे पडले. पोट भरले तरी अंगी काय लागले हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासून तिच्या मागे लागलेला आहे.

माझ्या पत्नीची स्लीव्ह झाली. स्लीव्हमध्ये आतडे जसेच्या तसे राहते. प्रथिनांचे पचन जठरात सुरू होत असले तरी बहुतेक काम लहान आतड्यातच होते, म्हणून खाल्लेले प्रथिन अंगी लागण्यात फारशी अडचण नसते. अडचण खाण्यातच असते. उरलेल्या जठरात शंभर ते दीडशे मिलिलिटर मावते, तेही सूज उतरल्यावर. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यायचे नाही. एक घास जास्त झाला तर छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखे होते आणि मग तो घास वर येतो. पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन घोटलेले, मग मऊ, मग नेहमीचे, असा क्रम होता.

शाळेला सुट्टी तिची, स्वयंपाकघर माझे. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात चहा आणि पोहे यांपलीकडे मी काही केले नव्हते. पण आजारी माणसाला काय द्यायचे हे मराठी घरात कुणाला शिकवावे लागत नाही. मुगाचे कढण. वरणाचे वरचे पाणी, त्यात तूप-जिऱ्याची फोडणी. भाताची पेज. समोरच्या काकू डाळीचे पाणी आणून देत, “यात सगळं सत्त्व उतरतं हो” असे सांगत. मीही एक शोध लावला. आहारतज्ज्ञ बाई ज्या पावडरीचे नाव सांगत होत्या तिचा डबा दोन-तीन हजारांचा. ती पावडर म्हणजे निवळीतले प्रथिन, असे मी वाचले. आता निवळी तर आपल्या घरची! श्रीखंडासाठी दही टांगले की फडक्यातून गळते ती. पूर्वी त्यात कणीक मळत, नाहीतर ओतून देत. मी रोज लिटरभर दुधाचे दही लावून ते टांगू लागलो, खाली जमलेली निवळी मीठ-जिरे घालून तिला पाजू लागलो, आणि चक्का मी खाऊ लागलो.

हसू नका. चार महिने हे चालले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या आठवड्यातच ती मुलुंड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यात अर्ध्यावर बसली. सदतीस किलो लठ्ठ असताना जो जिना ती धापा टाकत का होईना चढत होती, तो हलकी झाल्यावर चढवेना. न्हाणीघरातल्या जाळीत केसांचे पुंजके येत. घरात पाटावर बसली तर हाताचा टेकू दिल्याशिवाय उठता येत नव्हते. तपासणीत रक्तातले अल्ब्युमिन ३.१ आले, साडेतीनच्या वर असायला हवे. आहारतज्ज्ञ बाईंनी मला विचारले, “दिवसाला किती ग्रॅम जातंय?” मी म्हणालो, “सहा-सात वाट्या.” त्या काही बोलल्या नाहीत. फक्त पेन खाली ठेवले. जकात नाक्यावर असे उत्तर देणाऱ्या ट्रकवाल्याकडे मी जसा बघत असे, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

त्या संध्याकाळी मी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणला आणि वही घातली. आधार म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके घेतली. घरच्या वाटीभर पातळ वरणात तुरीची डाळ निघाली पंचवीस ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे वाटीत साडेपाच. साठ ग्रॅमसाठी अशा अकरा वाट्या, दीड लिटरहून जास्त वरण, दीडशे मिलिलिटरच्या पोटात. कढण गाळून दिले की गाळणीत राहते ते मूग आणि पेल्यात येते ते मुगाचे पाणी. त्यात एखादा ग्रॅम मिळाला तर मिळाला. लहान बाळांना डाळीच्या पाण्यावर ठेवू नका असे बालरोगतज्ज्ञ आयांना सांगत असतात ते याचसाठी. सत्त्व पाण्यात उतरते हा आपला समज मिठाबाबत खरा आहे, प्रथिनांबाबत नाही.

आणि निवळी? दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन असते, ते दह्यात गोठते आणि चक्क्यात राहते. उरलेले वीस टक्के निवळीचे. पण आपण दूध उकळून विरजण लावतो. उकळताना निवळीतली बरीच प्रथिने उलगडतात आणि केसीनला चिकटतात, म्हणजे तीही चक्क्यातच अडकतात. फडक्याखालच्या भांड्यात मुख्यतः पाणी, दुधातली साखर आणि थोडे क्षार; प्रथिन शंभर मिलिलिटरला जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम. कारखान्यात ती निवळी गाळून, आटवून, सुकवून पावडर होते. माझ्या भांड्यात तसे काही होत नव्हते. तिच्या वाटणीचे प्रथिन चार महिने मी खात होतो. माझे वजन त्या काळात तीन किलो वाढले, हेही वहीत नोंदले आहे.

आता जे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे येतो. आपले आहारशहाणपण इतके सपशेल का चुकले? वरण-भात, कढण, मेतकूट-भात यांवर पिढ्या वाढल्या, आजारी माणसे उठली. ते शहाणपण खोटे म्हणायचे का? याचे उत्तर मला एका मराठी संख्याशास्त्रज्ञाकडे मिळाले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. सुमारे दोन दशके ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. पुढे पुण्यात राहून त्यांनी काम केले. त्या काळात जगभर ‘प्रथिनांची दरी’ हा परवलीचा शब्द होता. गरीब देशांतली उपासमार म्हणजे मुख्यतः प्रथिनांची उपासमार, असे मानले जाई. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालही काढला. सुखात्म्यांनी भारतीय आहाराचे आकडे मांडून उलटे सांगितले. इथला माणूस धान्य आणि डाळ खातो. ती तो भूक भागेपर्यंत खाऊ शकला, तर प्रथिने आपोआप पुरतात. ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांना आधी एकूण अन्नच कमी पडलेले असते. तेव्हा दरी प्रथिनांची नाही, अन्नाची आहे. १९७३ मध्ये जागतिक तज्ज्ञसमितीने प्रथिनांची गरज खाली आणली. पुढच्याच वर्षी डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाला ‘प्रथिनांचा महाफज्जा’ म्हटले. गरजेचे आकडे नंतर पुन्हा थोडे वर गेले, पण सुखात्म्यांचा मुद्दा टिकून राहिला.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम प्रथिनातून चार उष्मांक मिळतात. शंभर ग्रॅम कणकेत साडेदहा ग्रॅम प्रथिने आणि सुमारे तीनशे वीस उष्मांक. म्हणजे तेरा टक्के उष्मांक प्रथिनांचे. तांदळात नऊ टक्के. एकूण जेवणात दहा-अकरा धरा. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला त्यातून पन्नासच्या पुढे ग्रॅम मिळतात. पंचावन्न किलोच्या स्त्रीची शिफारस केलेली गरज, २०२० च्या भारतीय मानकानुसार, सेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास आहे. वरण-भात जिंकतो.

पण सुखात्म्यांच्या सिद्धान्तात एक अट आहे : भूक भागेपर्यंत खाल्ले तर. ही शस्त्रक्रिया नेमकी तीच अट मोडण्यासाठी केलेली असते. पहिल्या महिन्यांत माझ्या पत्नीच्या पोटात दिवसाला सातशे उष्मांकही मुश्किलीने जात. अकरा टक्क्यांच्या जेवणातून सातशे उष्मांकांत मिळतात एकोणीस ग्रॅम. साठ ग्रॅम हवे असतील तर अन्नातले चौतीस टक्के उष्मांक प्रथिनांचे असले पाहिजेत. आता मूगडाळ बघा : एकोणतीस टक्के. तूरडाळ : सव्वीस. म्हणजे भात-पोळीला हातही न लावता तिने फक्त डाळ खाल्ली असती, तरी हिशेब जुळला नसता! हा आकडा वहीत लिहिल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आपल्या स्वयंपाकघराचा दोष नव्हता. जिथे उपाशी राहणे हीच उपचारपद्धती आहे, अशी परिस्थिती त्या स्वयंपाकघराने कधी पाहिलीच नव्हती.

साठच का, शेहेचाळीस का नाही? कारण इंधन कमी पडले की शरीर प्रथिनेही जाळू लागते. चरबी हा गोदामातला माल आहे, साठवण्यासाठीच ठेवलेला. प्रथिनांचे असे गोदाम नाही. जे आहे ते स्नायूंत, म्हणजे कामावर असलेल्या हमालांत. वजन झपाट्याने उतरताना आहारातून प्रथिन आले नाही तर चरबीबरोबर हमालही कमी होतात. काट्यावर दोन्ही सारखेच दिसते. सदतीस किलो उतरले म्हणून आम्ही पेढे वाटले होते. त्यात मांड्यांचे स्नायू किती, हे पुलाच्या जिन्याने सांगितले. केसांचे कारण थोडे वेगळे. मोठ्या धक्क्यानंतर अनेक केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीन-चार महिन्यांनी गळतात. ते बहुधा परत येतात, पण प्रथिने, लोह, जस्त कमी असेल तर गळती लांबते.

मग मी प्रत्येक पदार्थापुढे ही टक्केवारी लिहायला लागलो, आणि पुष्कळ प्रतिष्ठित मंडळींची बिल्टी खोटी निघाली. बदाम बारा टक्के, कणकेहून कमी. शेंगदाणे अठरा. साध्या दुधाचे पनीर तीसच्या आत, म्हणजे मुगाच्याच पंगतीला, मात्र जागा कमी अडवते हा त्याचा गुण. सोयाबीनच्या तेल काढलेल्या वड्या साठ टक्के. आपला मराठवाडा आणि विदर्भ सोयाबीनने भरलेला, पण पेंड जाते कोंबड्यांना आणि परदेशात. घरात वडी आली की नाके मुरडतात. वीस ग्रॅम वड्या भिजवून, घट्ट पिळून, वाटून पिठल्यात घातल्या तर कळतही नाही, आणि दहा ग्रॅम मिळतात. निवळीची पावडर ऐंशी टक्के. ती मी शेवटी आणलीच. २०२४ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी बाजारातल्या छत्तीस पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे सत्तर टक्क्यांच्या लेबलावरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. जुन्या नाकेदाराला याचे नवल वाटले नाही. म्हणून पावडर दिवसातून एकदाच, आणि तीही रुग्णालयाने सुचवलेली.

उरलेले काम दुधाने केले, आणि इथे आमच्या उपनगरांची एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. गोरेगावची आरे दूध वसाहत ज्यांनी उभारली त्या दारा खुरोडींनीच मुंबईत ‘टोन्ड’ दूध आणले. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची. स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, दूध जास्त लोकांना पुरते, आणि प्रथिन मात्र पाण्याबरोबर पातळ होत नाही. लहानपणी आम्ही या दुधाला नावे ठेवत असू. साय येत नाही म्हणून. आता घाटकोपरच्या एका घाऊक दुकानातून मी तीच पावडर किलोने आणतो. शंभर ग्रॅममध्ये पस्तीसच्या वर प्रथिन. अडीचशे मिलिलिटर डबल टोन्ड दुधात वीस ग्रॅम पावडर : पंधरा ग्रॅम प्रथिने, सुमारे एकशे नव्वद उष्मांक, बत्तीस टक्के. ते एका दमात नाही प्यायचे, तासभर घोट घोट. काहींना दुधातल्या साखरेने पोट फुगते, आमच्याकडेही फुगले. मग त्याच दुधाचे दही लावले, टांगले, आणि या वेळी चक्का तिला दिला, निवळी कणकेत. चक्क्यावर चमचाभर मेतकूट. हे तिचे अजूनही आवडते खाणे आहे.

अंड्याचा प्रश्न नाजूक होता. पांढऱ्या बलकाला तोड नाही. जवळजवळ सगळे उष्मांक प्रथिनांचे, दोन पांढऱ्यांत सात ग्रॅम. पण ती जन्माची शाकाहारी. मी बाहेर मासे खातो, घरात आणत नाही. शिवाय आमच्या इमारतीत कचऱ्याच्या डब्यात काय सापडले याची चर्चा गच्चीपर्यंत जाते. मी विषय काढला नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी तीच म्हणाली, “अहो, औषध म्हणून खाते. पण कढई वेगळी ठेवा.” टरफले वर्तमानपत्रात गुंडाळून मी स्टेशनबाहेरच्या डब्यात टाकत असे. वर्षभराने, पोट थोडे सैलावल्यावर, तिने अंडे सोडले आणि मी एक शब्द बोललो नाही. तोवर हजार उष्मांक जाऊ लागले होते. हजारात साठ ग्रॅमला चोवीस टक्के पुरतात, म्हणजे डाळ पुन्हा पंगतीत येऊन बसली. घट्ट वरण, कुळथाचे पिठले, मोडाची मटकी. अवघड असतात ते पहिले सहा-आठ महिने.

सर्वांत जड गेले ते ताट उलटे करणे. आपले जेवण साध्या वरण-भाताने उघडते आणि ताक-भाताने मिटते. तिच्या ताटात आधी प्रथिन, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा चतकोर. भाताची मूद बहुतेक दिवशी नाहीच. ती पहिल्यांदा माहेरी जेवायला बसली तेव्हा तिच्या आईने मुद्दाम लहान मूद वाढली होती, त्यावर तूप. तिने ती तशीच ठेवली. म्हातारी काही बोलली नाही, पण ताट उचलताना हात थरथरत होता.

काही गोष्टी सांगितल्या नाहीत तर हा हिशेब धोक्याचा ठरेल. साठ हा सर्वांचा आकडा नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर डॉक्टर तो बदलतात. जुन्या मधुमेहींनी हे तपासून घेतलेच पाहिजे. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर असतात, आणि शाकाहारी माणसाचे ब-१२ मुळातच कमी असते. सतत उलट्या होत असतील तर प्रथिनांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ब-१ संपले की मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. आणि नुसते खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना कामाला लावावे लागते. आमच्याकडे ते काम पाटाने केले. रोज सकाळी हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, पाटाखाली उशा घालून सुरुवात, मग एकेक उशी काढत जाणे. शेवटची उशी निघाली त्या दिवशीची तारीख वहीत आहे : १९ जानेवारी २०२३.

आता तिचे वजन चौऱ्याहत्तर आहे, अल्ब्युमिन ४.०. चौथा तास ती उभी राहून घेते. वही चालूच आहे. काल छप्पन्न ग्रॅम झाले, परवा त्रेसष्ट. चकलीच्या भाजणीचा हिशेब नुकताच केला. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग धरून भाजणी चौदा-पंधरा टक्क्यांची भरते, पण कढईतून निघाली की तेलाचे उष्मांक चढतात आणि ती आठ-नऊवर घसरते. मी तो आकडा तिला वाचून दाखवला. तिने माझ्या हातातून वही घेतली, मिटून फ्रीजवर ठेवली, आणि सकाळचा चक्का खाऊन झाल्यावर एक अख्खी चकली खाल्ली.